अपलोडचं बोला

हल्ली पुण्यामुंबईत आडनाव विचारायची लाज वाटते. म्हणून लोक विचारतात, 'तुमच्याकडं नेट कुठलं?' फायबर म्हटलं की समोरच्याचा चेहरा सैल पडतो. मोबाईलचंच आहे म्हटलं की 'अच्छा' येतं. हा 'अच्छा' आमच्या ओळखीचा आहे. आमच्या आज्ज्यांना तो हॉटेलातल्या वेगळ्या कपबशीबरोबर मिळायचा.

तर दोस्तांनो, या नेटचंच बोलू. एचडी व्हिडिओ न अडखळता बघायला वेग किती लागतो? उत्तर कंपन्यांनीच लिहून ठेवलंय. यूट्यूब म्हणतं, ४८०पीला १.१ एमबीपीएस, ७२०पीला अडीच, १०८०पीला म्हणजे फुल एचडीला ५ आणि फोर-केला २०. नेटफ्लिक्स म्हणतं, ७२०पीला ३, १०८०पीला ५, फोर-केला १५. संपलं. आकडा पाच आहे. पाचशे कुणी मागितलेले नाहीत. माणसानं सरळ उभं राहून स्वच्छ चित्र बघावं एवढ्यासाठी पाच.

आणि ते पाच आमच्या घोटावड्याच्या वस्तीत रात्री नऊ वाजता मिळत नाहीत. टेकडीपलीकडं हिंजवडी आहे. राजीव गांधी इन्फोटेक पार्क. जगातल्या बँका, विमा कंपन्या, इस्पितळं यांचे हिशेब तिथून चालतात. तिथल्या लिफ्टमधेसुद्धा नेट तुटत नाही. त्या इमारती झाडायला, पुसायला, त्यांच्या कँटीनची भांडी घासायला मुळशीच्या वस्त्यांतल्या आयाबहिणी जातात. दिवसभर त्या फायबरवरून फडकं फिरवतात आणि घरी आल्यावर पोरगी सांगते, 'आये, क्लासचा व्हिडिओ फिरतोच हाय नुसता.'

कंपन्या लुटतात ते अर्ध आपल्या अडाणीपणावर. म्हणून आधी हिशेब समजून घ्या. एमबीपीएस मधला 'बी' हा बिट असतो. आपण फाईल मोजतो ती बाईटमधे. आठ बिटांचा एक बाईट. म्हणजे जाहिरातीतले १०० एमबीपीएस हे सेकंदाला साडेबारा एमबी झाले. मी मुंबईच्या गोदीत माल उतरवतो. तिथं वजनाचा काटा असा आठपट फुगवून कुणी लावला असता तर टोळीनं त्याला काट्यासकट पाण्यात टाकला असता. इथं मात्र सगळे शिकलेले लोक गुमान सही करतात.

दुसरी चलाखी 'पर्यंत' या शब्दात. १०० एमबीपीएस 'पर्यंत'. शून्यसुद्धा शंभरच्या आतच येतं ना भाऊ! एका लाईनवर किती घरं लटकवायची याला धंद्याच्या भाषेत कंटेन्शन रेशो म्हणतात. २००९ साली ट्रायनं घरगुती ब्रॉडबँडसाठी १ ला ५० असं प्रमाण घालून दिलं होतं. शंभराला पन्नासांनी भागा. सगळे एकदम बसले तर वाट्याला दोन. आमच्या धक्क्यावर जहाज केवढंही येऊ दे, यारी एक, फाटक एक आणि बाहेर ट्रक पन्नास असतील तर तुमच्या ट्रकचा नंबर कधी लागणार? जहाजाचा आकार विचारून उपयोग नाही. फाटक किती रुंद आणि रांगेत किती जण, ते विचारा.

आता मोबाईल. वस्तीत नेट म्हणजे मोबाईलच, आणि तोही घरात एक. रोजचा दीड जीबीचा पॅक. ५ एमबीपीएसनं फुल एचडी लावला तर दीड जीबी चाळीस मिनिटांत खलास. चाळीस मिनिटं! शाळेचा एक तास आणि वर मधली सुट्टी. त्यानंतर वेग उतरतो ६४ केबीपीएसवर. म्हणजे एका सेकंदाचं फुल एचडी चित्र यायला अठ्ठ्याहत्तर सेकंद. त्याला ते 'अनलिमिटेड' म्हणतात. जुलै २०२४ मधे तिन्ही मोठ्या कंपन्यांनी एकाच आठवड्यात दर वाढवले. जिओचा २८ दिवसांचा दीड जीबीवाला २३९ चा पॅक २९९ ला गेला. आणि अमर्याद फाईव्ह-जी? ते रोजच्या दोन जीबीच्या आणि त्यावरच्या पॅकवाल्यांना. दीडवाल्यांनी टॉवरकडं नुसतं बघायचं.

व्हिडिओ येतो कसा हेही माहीत पाहिजे. एकाच व्हिडिओच्या चार-सहा प्रती करून ठेवलेल्या असतात, झिरझिरीत पासून झकास पर्यंत. प्रत्येक प्रतीचे काही सेकंदांचे तुकडे. तुमच्या फोनमधला प्लेअर दर तुकड्याला वेग जोखतो आणि त्या मानानं पुढचा तुकडा मागतो. म्हणून हल्ली चित्र पूर्वीसारखं पटकन थांबत नाही, ते अंधुक होतं. माणसाला वाटतं चाललंय. चाललेलं नसतं, तुम्हाला खालच्या पंगतीत बसवून उरलंसुरलं वाढलेलं असतं, आणि आवाज न करता वाढलेलं असतं. फळ्यावरचा इंग्रजी तीन आणि आठ १४४पी वर एकच दिसतो. एमपीएससीचा अभ्यास करणारी आमची पोरं त्या तीन-आठमधे नापास होतात. मग त्यांच्या 'मेरिट'वर अग्रलेख लिहायला मंडळी मोकळी.

समजा, नेट दणकून आलं. तरी एचडी मिळेल? नाही. गुगलची वाईडवाईन नावाची कुलूपपद्धत आहे. महाग फोनला तिचा एल-१ शिक्का असतो, बऱ्याच स्वस्त फोनला एल-३. एल-३ वाल्या फोनला नेटफ्लिक्स, प्राईम एचडी देतच नाहीत. लाईन शंभरची असू द्या, चित्र एसडीच. वर पुन्हा दरांची शिडी. डिसेंबर २०२१ मधे नेटफ्लिक्सनं भारतातले दर उतरवले तेव्हाची यादी बघा. १४९ रुपये: फक्त मोबाईल, ४८०पी. १९९: टीव्हीवर चालेल, पण चित्र तेच ४८०पी. ४९९: फुल एचडी. ६४९: फोर-के. सिनेमा एक, नट तेच, गोष्ट तीच. पण कुणी किती स्वच्छ बघायचं याच्या चार पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीवरच्याला खालचा आहे याचं समाधान. बाबासाहेबांनी याला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं होतं. त्यांना चातुर्वर्ण्य दिसलं, आपल्याला सबस्क्रिप्शन प्लॅन दिसतो.

इथं आपलेच काही मित्र माझ्यावर उखडणार. उखडलेलेच आहेत. एका बैठकीत एक कार्यकर्ता मला म्हणाला, 'गायरानाचा प्रश्न आहे, शिष्यवृत्ती अडकलीय, पोरांना कंत्राटावर राबवून घेतायत आणि तुला वेबसिरीज एचडीत बघायचीय? ही पांढरपेशी हौस आहे.' टाळ्या पडल्या. मला त्याचा राग नाही, कीव येते. एके काळी आपल्याच लोकांना सांगितलं जायचं की भाकरीचं बघा, पुस्तकं काय करायचीत. तळ्याच्या पाण्याचं काय घेऊन बसलात, तुमच्या वस्तीला आड आहे की. महाडला २० मार्च १९२७ ला माणसं तहान लागली म्हणून गेली नव्हती.

आणि वेबसिरीजचं म्हणशील तर होय, बघायचीय. आमच्या पोरीनं दिवसभर दुसऱ्याची फरशी पुसून रात्री एक सिनेमा स्वच्छ बघितला तर क्रांतीच्या कुठल्या तारखेला बाध येते?

पण माझा खरा मुद्दा त्याच्यापुढं आहे. त्या मित्राला आणि त्याला टाळ्या वाजवणाऱ्यांना मी एक गोष्ट सांगतो. मुळशीतल्याच एका गावातली. गावाचं नाव लिहीत नाही, कारण त्या पोरांच्या आया अजून तिथंच राहतात आणि त्यांना रोज त्याच रस्त्यानं पाण्याला जायचंय. पावसाळ्यात वस्तीतली एक म्हातारी वारली. मसणवाटेचा रस्ता अडवला गेला. 'आमच्या बांधावरनं न्यायचं न्हाई.' तिरडी खांद्यावर, वर पाऊस, समोर काठ्या. शिव्या जातीवरून. एका पोरानं सगळं मोबाईलवर घेतलं. चार मिनिटं, १०८०पी, एकेक तोंड ओळखू येतंय, एकेक शब्द ऐकू येतोय. असा फुल एचडी व्हिडिओ मिनिटाला सव्वाशे-दीडशे एमबी जागा खातो. चार मिनिटांचे झाले पाचशेच्या वर. पोरानं तो बाहेर पाठवायला घेतला. वस्तीतला अपलोडचा वेग अर्धा एमबीपीएस. मांडा गणित: सव्वादोन तासांच्या वर, तेही मधे एकदाही तुटलं नाही तर. ते तुटलं. तीनदा तुटलं. डेटा संपला. शेवटी त्यानं सगळे पाठवतात तसं व्हॉट्सॲपवर टाकलं. व्हॉट्सॲपनं तो चुरगाळून लहान केला. पुढं तो दहा जणांनी दहा जणांना पाठवला. एका वाहिनीवाल्यानं सांगितलं, 'चेहरे दिसत नाहीत, चालवता येणार नाही.' एका साहेबानं फोन डोळ्याजवळ नेला, लांब नेला आणि म्हणाला, 'यात कोण आहे काही कळत नाही हो.' अंधुक चित्रात कोण आहे हे त्या साहेबाला पोराच्या तोंडूनही कळून घ्यायचं नव्हतं. पण चित्र स्वच्छ असतं तर 'कळत नाही' हे त्याला इतक्या सहज म्हणता आलं नसतं.

आता सांग मित्रा, एचडी ही हौस आहे?

आमची सगळी चर्चा डाऊनलोडवर अडकलीय. किती बघायला मिळतं, किती लवकर उतरतं. जाहिरात त्याची, भांडण त्याचं. पण डाऊनलोड म्हणजे कान. अपलोड म्हणजे तोंड. आम्हाला कान द्यायला ही व्यवस्था कधीच कां कूं करत नव्हती. कीर्तन ऐका, पुराण ऐका, भाषण ऐका, आता रील ऐका. फक्त बोलायचं नाही. सप्टेंबर २०१६ मधे जिओ आलं तेव्हा फुकट डेटाचा पूर आला आणि सगळे म्हणाले, गरिबाच्या हातात जग आलं. जग आलं खरं. गरीब जगात गेला का?

यंत्रं बनवतानाच हे ठरलेलं असतं. घरोघरच्या फायबरमधे जीपॉन नावाची पद्धत सर्रास वापरतात. तिच्यात एका मुख्य धाग्यावरून खाली उतरायला साधारण अडीच गिगाबिट आणि वर चढायला सव्वा. तोंड कानाच्या निम्मं. मोबाईलच्या टीडीडी पद्धतीत एकाच लहरीवर वेळेचे तुकडे पाडतात, आणि त्यातले बहुतेक तुकडे उतरत्या मालाला दिलेले असतात. इंजिनिअर म्हणेल, 'लोकांना बघायचंच जास्त असतं, म्हणून तसं केलं.' खरंय त्याचं, आकडे त्याच्या बाजूनं आहेत. पण लोकांना बोलायचं नसतं हे कुणी, कुणाला विचारून ठरवलं?

सरकारचं तर काय सांगावं. २००४ च्या धोरणात ब्रॉडबँड म्हणजे २५६ केबीपीएस. पुढं ५१२. आणि जानेवारी २०२३ मधे राजपत्रात नवी व्याख्या आली: किमान २ एमबीपीएस डाऊनलोड. फुल एचडीला पाच लागतात हे साऱ्या जगाला माहीत असताना आमच्या सरकारच्या लेखी दोन मिळाले की माणूस ब्रॉडबँडवाला झाला. आणि अपलोड? ती व्याख्या पुन्हा वाचा. किमान अपलोडचा आकडाच त्यात नाही. म्हणजे कायद्याच्या भाषेत आम्हाला तोंडच नाही. आम्ही मुके आहोत आणि ब्रॉडबँडधारक आहोत.

याच सरकारी कागदांत दुसरीकडं स्वर्ग आहे. २०१८ च्या राष्ट्रीय डिजिटल दळणवळण धोरणात लिहिलंय, २०२२ पर्यंत प्रत्येक नागरिकाला ५० एमबीपीएस. प्रत्येक! २०२२ उलटलं. त्याच्याही आधी २०११ मधे गावोगाव फायबर न्यायची योजना मंजूर झाली, अडीच लाख ग्रामपंचायती, प्रत्येकीला १०० एमबीपीएस. पुढं तिचं नाव भारतनेट झालं, महाराष्ट्रात दुसरा टप्पा महानेट म्हणून आला, ऑगस्ट २०२३ मधे केंद्रानं सुधारित योजनेला १ लाख ३९ हजार ५७९ कोटी मंजूर केले. नावं बदलली, आकडे फुगले. आणि त्या शंभरचा तरी हिशेब करा: शंभर भागिले पाच. अख्ख्या पंचायतीत एका वेळी वीस जण फुल एचडी बघणार. वीस जण कोण असतील हे तुम्हाला मी सांगायला पाहिजे का?

हा पैसा येतो कुठून? कंपन्यांच्या महसुलातून पाच टक्के सार्वत्रिक सेवेसाठी कापले जातात. त्या निधीचं नाव २०२३ च्या दूरसंचार कायद्यानं 'डिजिटल भारत निधी' केलं. कंपन्यांचा महसूल म्हणजे तुमचाआमचा रिचार्ज. म्हणजे त्या म्हातारीच्या नातवानं मारलेल्या रिचार्जमधला वाटा त्याच्याच वस्तीत तार न्यायला जमा होतो. फक्त तार येत नाही.

मुळशीला हे नवं नाही. १९२१ मधे सेनापती बापटांनी टाटांच्या धरणाविरुद्ध इथं सत्याग्रह केला. धरण झालंच. मावळातली पन्नासेक गावं पाण्याखाली गेली. मुळशीचं पाणी घाट उतरून भिऱ्याला पडतं, तिथं वीज होते आणि ती मुंबईला जाते. ज्यांची जमीन गेली त्यांच्या नुकसानभरपाईवर तरी चर्चा झाली. ज्यांची जमीनच नव्हती त्यांचं काय बुडालं हे कोणत्या वहीत लिहिलंय? डोक्यावरून तारा गेल्या, खाली चिमणी जळत राहिली. आता फायबर डोक्यावरून जात नाही, रस्त्याच्या कडेनं चरातून जातं, एवढाच फरक. तो चर खणायला आमचीच माणसं असतात.

वस्तीत आम्ही लाईन मागितली. एका कंपनीचा पोरगा आला, गळ्यात पट्टी, हातात टॅब. चांगला पोरगा होता, पाणी प्यायला. गावातल्या खांबावरचा डबा आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. त्यानं टॅबवर बोट फिरवलं आणि म्हणाला, 'इकडं फिजिबल दाखवत नाही.' आमची म्हातारी म्हणाली, 'काय म्हंतोय रं त्यो?' मी म्हटलं, 'आपल्याकडं तार येत न्हाय म्हंतोय.' ती म्हणाली, 'मंग तसं सांग की. विंग्रजीत कशाला सांगतोस?' गावकूस पाडलं म्हणतात. पाडलं असेल. ते आता त्या टॅबमधे नकाशा होऊन बसलंय, आणि बिचाऱ्या पोराला वाटतंय कॉम्प्युटरच तसं सांगतो.

मी गोदीत काम करतो म्हणून समुद्राकडं बघायची सवय आहे. परदेशातून भारतात येणाऱ्या नेटच्या मोठ्या केबली समुद्राच्या तळावरून येतात आणि त्यातल्या पुष्कळशा मुंबईत वर निघतात, वर्सोव्याच्या वाळूखालून. बागेत पाणी घालायच्या नळीएवढ्या जाड. अर्धं जग त्यातून आत येतं. सात समुद्र ओलांडून ती केबल येते, घाट चढते, हिंजवडीला पोचते आणि टेकडीअलीकडच्या वस्तीपाशी तिला दम लागतो! हे तुम्ही मला तांत्रिक अडचण म्हणून सांगू नका.

आणि वेग म्हणजे सत्ता आहे हे राज्यकर्त्यांना पक्कं ठाऊक आहे. ५ ऑगस्ट २०१९ ला काश्मीरचं नेट तोडलं. १० जानेवारी २०२० ला सुप्रीम कोर्टानं अनुराधा भसीन खटल्यात सांगितलं की इंटरनेटवरून बोलण्याला घटनेचं संरक्षण आहे. त्यानंतर मोबाईल नेट परत दिलं, पण टू-जी. फोर-जी सगळीकडं यायला फेब्रुवारी २०२१ उजाडला. नेट दिलं म्हणायचं आणि व्हिडिओ जाणार नाही एवढाच वेग सोडायचा. तिथं हुकूम काढून केलं. आमच्याकडं हुकमाची गरज पडत नाही. मार्च २०२० मधे टाळेबंदी लागली तेव्हा सगळ्या बड्या व्हिडिओ कंपन्या एकत्र बसल्या आणि देशहितासाठी मोबाईल नेटवर्कवर ४८०पीच्या वर न देण्याचं ठरवलं, १४ एप्रिलपर्यंत. देशहिताची पहिली कात्री मोबाईलवाल्यांवर. तारीखही बघा, भीमजयंतीची. योगायोग असेल.

३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघाला. त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापायला 'केसरी'नं नकार दिला होता. ते छापखान्याचे मालक होते. आज छापखाना म्हणजे अपलोड. 'यूट्यूब सगळ्यांना मोकळं आहे, काढा की चॅनल' असं सांगणाऱ्या शहाण्यांनी एकदा आमच्या वस्तीतून ७२०पीवर थेट प्रक्षेपण करून दाखवावं. त्याला तीन-चार एमबीपीएस अपलोड लागतो, अखंड. जयंतीला आमची शाहिरी पार्टी गायला उभी राहते आणि बाहेरगावी असलेल्या आमच्या माणसांना चौथ्या मिनिटाला दिसतं काय, तर डफ हवेत थांबलेला आणि शाहिराचं उघडं तोंड. आवाज नाही.

म्हणून आता 'कुठला पॅक चांगला' ही बडबड बंद करा. मागायचं ते असं. ब्रॉडबँडच्या व्याख्येत किमान अपलोडचा आकडा आला पाहिजे, आणि डाऊनलोडचा आकडा दोन वरून फुल एचडीला पुरेल इतका तरी झाला पाहिजे. निधीच्या पैशातून ग्रामपंचायतीपर्यंत नेलेली तार 'गावात पोचली' म्हणून मोजायची नाही. वस्तीतल्या शेवटच्या घरात पोचली की मोजायची. कोणत्या वस्तीला 'फिजिबल नाही' म्हटलं त्याची यादी जाहीर झाली पाहिजे. त्या यादीवर कुणाच्या वस्त्या आहेत ते आपण वाचू.

तोवर हातावर हात ठेवून बसायचं नाही. डिसेंबर २०२० पासून पीएम-वाणी नावाची सोय आहे. तिच्यात कुणीही छोटा दुकानदार, संस्था परवान्याशिवाय सार्वजनिक वायफाय चालवू शकते. वस्तीत एक चांगली लाईन घ्यायची आणि ती विहारात लावायची. चारशे घरांनी चारशे पॅक मारण्यापेक्षा ते बरं. विहारात पोरं अभ्यासाला येतील, सिनेमाला येतील, येऊ द्या. पण वर चढणारी वाट आपल्या ताब्यात राहील.

व्हिडिओ घेणाऱ्या पोरांनो, तुमच्यासाठी वेगळं. मूळ फाईल फोनमधून पुसायची नाही, कापायची नाही, तिच्यावर गाणं चढवायचं नाही. पाठवायचीच झाली तर व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, मग ती चुरगाळत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात फाईलची हॅश लिहावी लागते. हॅश म्हणजे फाईलचा अंगठा. व्हॉट्सॲपनं दाबलेल्या प्रतीचा अंगठा मूळ फाईलशी जुळत नाही, आणि समोरचा वकील नेमका तोच पकडतो. आणि अत्याचार प्रतिबंधक कायद्यातलं कलम १५अ पाठ करून ठेवा. २०१५ च्या दुरुस्तीनं आलेलं. त्याच्या दहाव्या पोटकलमात म्हटलंय की या कायद्याखालच्या गुन्ह्यांच्या सगळ्या कार्यवाहीचं व्हिडिओ चित्रण झालं पाहिजे. पुढच्या वेळी साहेब म्हणाला 'यात काही दिसत नाही', तर त्याला विचारा, 'साहेब, आपला कॅमेरा कुठाय?'

आणि मोजणी सुरू करा. ट्रायचं मायस्पीड ॲप फुकट आहे. रात्री नऊ ते दहा, रोज, एकाच जागेवर उभं राहून. दोनशे पानी वही घ्या. तारीख, वेळ, कंपनी आणि दोन खाने: खाली किती, वर किती. कंपनीकडं तक्रार केली तर तिचा नंबर त्याच ओळीत. तक्रार फेटाळली तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडं अपील, त्याचाही नंबर. घोटावड्यात आम्ही दोन महिने लिहितोय. 'वर' च्या खान्यात अजून एकदाही पूर्ण १ आलेला नाही. पिरंगुट, पौड, माण, नांदे, तुमच्या वस्त्यांच्या वह्या कुठं आहेत? पुढच्या अंकासाठी पाठवा. फोटो पाठवणार असाल तर उजेडात काढा.